सहपत्राचा प्रवास

सरकारी कचेरीतून आलेले एखादे पत्र हाती घेतले, तर त्यावर ‘सहपत्रे : दोन’ किंवा ‘सहपत्र : वरीलप्रमाणे’ असा शेरा आढळतो. पुष्कळदा पत्र हे केवळ निमित्त असते. खरा ऐवज सहपत्रांतच असतो. नकाशा, हिशेबाचा तक्ता, छायाचित्र, दाखल्याची नक्कल अशी कागदपत्रे टाचणीने पत्रास जोडून एका लिफाफ्यात घातली की प्रेषकाचे काम संपले. आत काय आहे याच्याशी लिफाफ्याला कर्तव्य नसते, आणि टपाल वाहून नेणाऱ्यालाही नसते.

ई-मेलने फाइल पाठविताना आपणांस हे सारे तितकेच सोपे वाटते. परंतु ई-मेलची व्यवस्था ज्या काळी उभी राहिली, त्या काळी तिच्यात टाचणीला जागाच नव्हती. तिच्यातून फक्त अक्षरे जात, आणि तीही फक्त रोमन. चित्र जात नसे, आवाज जात नसे. मराठीतील साधे खुशालीचे पत्रदेखील जात नसे. ती मूळची वाट मोडून नवी बांधली, असे कधीच घडले नाही. वाट तीच ठेवून माल बांधण्याची रीत तेवढी बदलली. ही रीत कोणती, आणि ती शोधण्याची गरज आपल्या देशातील संशोधकांना किती निकडीने भासली असेल, हे पाहावयाचे तर बंगळुरूसारखे दुसरे ठिकाण नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला त्या शहरातील जुनी माणसे अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, २०२२ साली ‘परम प्रवेग’ नावाचा महासंगणक कार्यान्वित झाला. सेकंदाला सुमारे ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे तीन हजार तीनशे लाख कोटी गणिती क्रिया, एवढी त्याची क्षमता आहे. अशा महासंगणकासमोर पडदा आणि माउस घेऊन कोणी बसत नाही. संशोधक आपल्या खोलीतून, प्रसंगी दुसऱ्या गावाहून, त्याच्याशी जोडला जातो आणि कळफलकावरून एकेक ओळीच्या आज्ञा देतो. या आज्ञांची भाषा युनिक्स परंपरेतील आहे. रात्रभर गणित चालते, पहाटे फलिताची फाइल तयार होते, आणि ती दुसऱ्या कोणास पाठवावयाची तर तेथे दाबण्यास टाचणीचे चित्र नसते. आज्ञेच्या ओळीतूनच फाइल पत्रास जोडावी लागते. ज्याला हे काम प्रथमच करावे लागते, त्याला सहपत्र ही वस्तू मुळात काय आहे ते जाणून घ्यावेच लागते.

सात बिटांची वाट

तारेची कल्पना करा. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तरी तारेचा कागद घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. तारेने अक्षरे जात, वस्तू जात नसे. तारेने मनीऑर्डर होई तेव्हाही नोटा तारेतून जात नसत. ‘इतके रुपये द्यावे’ हा निरोप तेवढा जाई. आता समजा, एखाद्या तारमास्तराला कोणी छायाचित्र पाठविण्यास सांगितले. त्याने छायाचित्रावर बारीक चौकटी आखाव्यात, प्रत्येक चौकट किती काळी आहे त्याचा आकडा ठरवावा, आणि ते आकडे अक्षरांच्या रूपाने एकामागून एक पाठवावेत, एवढाच मार्ग त्याला मोकळा आहे. पलीकडच्या मास्तराला हा संकेत ठाऊक असेल, तर तो पुन्हा चित्र उभे करील. संकेत ठाऊक नसेल, तर त्याच्या हाती अक्षरांचा निरर्थक ढीग पडेल.

ई-मेलने चित्र जाते ते असेच.

१९६३ साली अमेरिकेत ‘अॅस्की’ नावाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक अक्षराला सात बिटांचा, म्हणजे शून्य व एक या अंकांच्या सात घरांचा, एक क्रमांक दिला होता. सात घरांतून १२८ क्रमांक तयार होतात. रोमन मोठी व लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या काही खुणा यांना तेवढे पुरले. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला. १९७१ च्या त्याच्या पहिल्या नियमपुस्तिकेतच ‘मेल’ ही आज्ञा आहे. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले, आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये आज सर्वपरिचित असलेले ‘अॅट’चे चिन्ह घातले. पुढे १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी पत्रे वाहून नेण्याचे नियम शब्दबद्ध केले. त्यांत सात बिटांचीच अक्षरे अपेक्षिली होती, आणि एका ओळीत हजाराहून अधिक अक्षरे नसावीत असेही बंधन होते.

या नियमांतील एक बारकावा मोठा गमतीचा आहे. पत्र संपले हे यंत्राला कळावे कसे? एका ओळीवर फक्त एक पूर्णविराम आला, की पत्र संपले असे समजावे, असा संकेत ठरला. मग पत्रलेखकाने स्वतःच एका ओळीवर एकटा पूर्णविराम लिहिला, तर पत्र अर्ध्यावर तुटावयाचे! म्हणून पाठविणारे यंत्र ओळीच्या आरंभी असलेल्या पूर्णविरामापूर्वी आणखी एक जोडते व घेणारे यंत्र तो काढून टाकते. वाहणाऱ्याने मालाकडे पाहू नये हे तत्त्व येथे जन्मतःच थोडे वाकले होते. माणसाने लिहिलेल्या मजकुराला हे चालून जाते. परंतु छायाचित्राच्या फाइलमध्ये शून्यापासून २५५ पर्यंत कोणतीही संख्या कोठेही येते. १२७ च्या पुढील संख्येला आठ बिट लागतात, आणि वाटेतील एखाद्या यंत्राने आठवा बिट पुसून टाकला, तर फाइल कायमची नासते.

बंगळुरू ते मुंबई, मुंबई ते जग

आपल्या देशात संशोधन संस्थांना जोडणारे पहिले मोठे जाळे म्हणजे ‘अर्नेट’. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन, १९८६ साली ही योजना हाती घेतली. तीत प्रारंभी आठ संस्था होत्या : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आय.आय.टी., बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., आणि आठवे स्वतः इलेक्ट्रॉनिक्स खाते. जुहू येथील एन.सी.एस.टी.चे प्रमुख श्रीनिवासन रमणी हे या कामातील अग्रणी होते. परदेशाशी पत्रव्यवहाराचा दरवाजा त्यांच्याच केंद्रात होता. बंगळुरूच्या संस्थेत अर्नेटच्या समन्वयाची जबाबदारी १९८८ पासून २००३ पर्यंत प्राध्यापक अनुराग कुमार यांनी सांभाळली. तेच पुढे त्या संस्थेचे संचालक झाले. एन.सी.एस.टी. आता सी-डॅकमध्ये विलीन झाले आहे.

आरंभीच्या दिवसांत पत्रे जात ती ‘यूयूसीपी’ नावाच्या पद्धतीने. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी ती १९७० च्या दशकात रचली होती. एका युनिक्स संगणकाने ठरलेल्या वेळी दुसऱ्याला टेलिफोन लावावयाचा, साठलेली पत्रे त्याच्या स्वाधीन करावयाची, त्याच्याकडील आपली पत्रे घ्यावयाची आणि फोन ठेवावयाचा, असा हा व्यवहार. पूर्वीचे जासूद ठाण्याठाण्यावर खलिता हातोहात पुढे देत, त्याचीच ही विद्युत् आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. शेजारच्या संगणकापर्यंत फाइल जशीच्या तशी नकलून नेता येई. पण तीन-चार ठाणी ओलांडून ती पोहोचवावयाची तर टपालाचाच आश्रय करावा लागे, आणि टपालाची वाट सात बिटांची.

यावर उपाय मेरी अॅन हॉर्टन यांनी १९८० साली काढला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत असताना त्यांनी लिहिलेल्या ‘यूयूएन्कोड’ या आज्ञेची युक्ती अशी : फाइलमधील तीन बाइट घ्यावयाचे, म्हणजे चोवीस बिट झाले. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडावयाचे. सहा बिटांतून ६४ च संख्या होतात, तेव्हा प्रत्येक गटाला अॅस्कीमधील एक साधे छापील चिन्ह देता येते. तीन बाइटांची चार अक्षरे झाली. वजन एक तृतीयांशाने वाढले, परंतु माल आता अक्षररूप झाला. प्रत्येक ओळीच्या आरंभी त्या ओळीत किती बाइट आहेत हे सांगणारे एक अक्षर असते. भरलेल्या ओळीत पंचेचाळीस बाइट असतात, आणि पंचेचाळिसाची खूण म्हणजे रोमन ‘एम’. म्हणून अशा पत्रात पानेच्या पाने प्रत्येक ओळ ‘एम’नेच सुरू होते. ज्यांनी त्या काळी ही पत्रे पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर ‘एम’ची ती उभी रांग अजून असेल.

वजनवाढीची किंमत किती पडे याचा हिशेब करून पाहू. दर सेकंदास २,४०० बिट नेणारा मोडेम आहे असे धरू. एका अक्षरामागे आरंभीचा व शेवटचा बिट मिळून दहा बिट खर्च होतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरे गेली. एक लाख बाइटांचे चित्र मूळ रूपात सुमारे सात मिनिटे घेईल. यूयूएन्कोडने बांधलेले तेच चित्र, ओळींच्या खुणा धरून, साडेनऊ मिनिटे घेईल. पैसे मिनिटावर मोजले जात असत अशा ट्रंक टेलिफोनच्या काळात ही अडीच मिनिटे काही थोडी नव्हेत. त्यात मध्येच तार तुटली, तर सारे पहिल्यापासून.

तरीही यूयूएन्कोड सर्वस्वी निर्धोक नव्हते. त्याच्या चौसष्ट चिन्हांत मोकळी जागा हेही एक चिन्ह होते, आणि काही यंत्रे ओळीच्या शेवटची मोकळी जागा ‘निरुपयोगी’ म्हणून छाटून टाकीत. आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांचा अक्षरसंकेत वेगळा होता. त्यांतून जाताना काही विरामचिन्हांची अदलाबदल होई. एका चिन्हाचा फरक पडला तरी फाइल उघडत नसे. पाठविणाऱ्याला यातले काही कळत नसे आणि घेणाराही बहुधा आपल्याच यंत्राला दोष देई.

‘मराठी’ या शब्दाचे काय झाले असते

चित्रे दूर राहोत. आपल्या लिपीचीही तीच स्थिती होती, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ साली मान्य झाला. त्यात अॅस्कीची १२८ स्थाने रोमनसाठी जशीच्या तशी ठेवून वरच्या १२८ स्थानांत भारतीय अक्षरे बसविली होती. रचना सुरेख होती. ‘क’ पासून ‘ह’ पर्यंत वर्णमालेचाच क्रम, आणि एकाच संकेतात देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा अनेक लिपी. पण वरचे स्थान म्हणजे आठवा बिट आला.

‘मराठी’ हा शब्द इस्कीमध्ये पाच बाइटांत लिहिला जातो : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २०४, २०७, २१८, १९० व २२०. वाटेत आठवा बिट पुसला गेला, म्हणजे प्रत्येकातून १२८ वजा झाले. उरले ७६, ७९, ९०, ६२ आणि ९२. अॅस्कीप्रमाणे वाचल्यास ती तीन रोमन मोठी अक्षरे होतात, एल, ओ आणि झेड. त्यांच्यामागून गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह येते आणि शेवटी एक उलटी तिरकी रेघ. बंगळुरूहून पुण्यास निघालेला ‘मराठी’ हा शब्द वाटेतील एका जुनाट यंत्रामुळे असा ओळखू न येणारा झाला असता. अर्थात ‘कन्नड’ या शब्दाचीही गत निराळी झाली नसती.

यातून पळवाट म्हणून पुष्कळांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याचा मार्ग धरला. अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही पद्धती १९९१ पासूनची आहे. रोमन अक्षरांत ठरावीक रीतीने लिहिलेला मजकूर ती छपाईच्या वेळी देवनागरीत उतरवी. ही सोय उपकारक होती यात शंका नाही. परंतु आपल्या लिपीने परक्या लिपीचा वेष घेऊनच घराबाहेर पडावे, हा तोडगा कायमचा ठरता तर ते दुर्दैव झाले असते असे वाटल्याशिवाय राहत नाही.

लिफाफ्याची नवी रचना

निर्णायक सुधारणा १९९२ साली झाली. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी ‘माइम’ नावाचे मानक रचले. ते त्या वर्षाच्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने एक पत्र पाठविले होते. त्यासोबत चार गवयांच्या एका हौशी मेळ्याचे छायाचित्र होते आणि त्यांच्या गाण्याचे मुद्रणही. त्या चौघांत बोरेनस्टाइन स्वतः एक होते. आज जगभर जाणाऱ्या असंख्य सहपत्रांचे हे मूळपुरुष.

माइमने टपालाच्या वाटेला हात लावला नाही. बदलले ते पत्राच्या आतील अंग. पत्राच्या माथ्यावर ‘या पत्रात अनेक भाग आहेत, आणि त्यांच्यामधील सीमारेषा अमुक’ अशी सूचना लिहावयाची. सीमारेषा म्हणजे मजकुरात सहसा येणार नाही अशी, यंत्राने रचलेली अक्षरांची एक ओळ. ही ओळ आली की एक भाग संपला व दुसरा सुरू झाला. प्रत्येक भागाच्या आरंभी त्याचा प्रकार सांगावयाचा, साधा मजकूर, चित्र, ध्वनी यांपैकी काय ते. तो कोणत्या रीतीने बांधला आहे हेही सांगावयाचे, आणि उतरविताना फाइलला काय नाव द्यावे तेही. घेणाऱ्या यंत्राला आता तर्क करावा लागत नाही. कचेरीतील पत्रावर ‘सहपत्रे : दोन’ असे लिहिलेले असते, तसेच हे, फक्त प्रत्येक सहपत्रावर त्याची वेगळी चिठ्ठी.

बांधण्याच्या रीतींत मुख्य म्हणजे ‘बेस-६४’. तत्त्व यूयूएन्कोडचेच, तिनाचे चार. निवड मात्र अधिक सावध. चौसष्ट चिन्हे अशी वेचली की ती कोणत्याही यंत्राच्या अक्षरसंकेतातून सुखरूप जातील : सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस लहान, दहा अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ. मोकळी जागा नाही, पूर्णविराम नाही. तेव्हा ओळीवरील एकट्या पूर्णविरामाची भीतीही गेली. ओळ शहात्तर अक्षरांहून लांब नाही. शेवटी तिनाचा गट पुरा झाला नाही, तर ‘बरोबर’चे एक किंवा दोन चिन्हे टाकून तो भरून काढतात.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी युनिकोड लिपिसंकेत बाइटांत लिहिण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत बसविली. न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, मेजावरील कागदी आच्छादनावर तिचे पहिले टाचण झाले, असे पाइक यांनी सांगितले आहे. तीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. तीन हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण बेस-६४ चा घासही नेमका तीन बाइटांचाच आहे.

‘म’ या अक्षराचेच उदाहरण घेऊ. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट २२४, १६४ व १७४ हे होत. ते बिटांत मांडून सहा-सहाचे गट केले, तर १११०००, ००१०१०, ०१००१० आणि १०१११० असे चार गट मिळतात. म्हणजे ५६, १०, १८ व ४६ या संख्या. बेस-६४ च्या कोष्टकात शून्य ते २५ ही मोठी अक्षरे, २६ ते ५१ ही लहान, आणि ५२ पासून अंक. त्याप्रमाणे ‘म’ची बांधणी होते ती अशी : चार हा अंक, मोठा ‘के’, मोठा ‘एस’ आणि लहान ‘यू’. ‘र’ची बांधणी करून पाहिली, तर पहिली तीन चिन्हे तीच येतात, शेवटी फक्त लहान ‘डब्ल्यू’. वर्णमालेतील बहुतेक सर्व अक्षरांना हीच चार-के-एस ही तीन चिन्हे लागतात. दीर्घ वेलांटीपासून पुढची चिन्हे, म्हणजे उकार, मात्रा व हलन्त, यांच्या आरंभी चार-के-डब्ल्यू येते. ‘मराठी’ हा शब्द अशा रीतीने पंधरा बाइटांचा व बांधून वीस अक्षरांचा होतो. पण आता त्यातील एकही बिट वाटेत कोणी पुसू शकत नाही.

आज्ञेची ओळ

आता परम प्रवेगसमोर, किंवा शाळेतील एखाद्या साध्या लिनक्स संगणकासमोर, बसलेल्या माणसाकडे येऊ. युनिक्सची खरी शक्ती एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती देण्यात आहे. उभ्या रेघेचे चिन्ह घातले की पहिलीने जे ओतले ते दुसरी पिते. माइमच्या आधी सहपत्र पाठविण्याची रीत हीच होती : यूयूएन्कोडने फाइल बांधावयाची, उभी रेघ घालावयाची, आणि ते बांधलेले गाठोडे ‘मेल’ या आज्ञेला पत्राचा मजकूर म्हणून द्यावयाचे. यूयूएन्कोडला दोन नावे द्यावी लागतात, एक फाइलचे व दुसरे पलीकडे उतरताना द्यावयाचे. नवशिका एकच नाव देई; मग आज्ञा तेच उतरतानाचे नाव समजे आणि मजकुरासाठी कळफलकाकडे बघत निमूट थांबून राही. यंत्र अडले असे समजून माणूस वैतागत असे, आणि यंत्र माणसाची वाट पाहत असे.

आज हे काम ‘मट’ या आज्ञेने सुकर होते. मायकेल एल्किन्स यांनी ती १९९५ साली लिहिली. ओळ साधारणतः अशी : मट, मग ‘-एस’ व त्यापुढे अवतरणचिन्हांत विषय, मग ‘-ए’ व फाइलचे नाव, मग दोन आडव्या रेघा, मग पत्ता, आणि शेवटी ‘पेक्षा लहान’चे चिन्ह घालून मजकुराच्या फाइलचे नाव. प्रत्यक्षात हे सारे रोमन अक्षरांत टंकावयाचे असते हे सांगणे नलगे. मधल्या त्या दोन आडव्या रेघा गाळू नयेत. सहपत्रांची यादी येथे संपली व पत्ते सुरू झाले, हे आज्ञेला त्यांच्यावरूनच कळते. त्या नसल्या तर ती पत्त्यालाच फाइल समजून शोधू लागते.

‘मेलएक्स’च्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे. या एका नावाखाली निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळे कार्यक्रम नांदतात, आणि युनिक्सच्या सामायिक मानकात मेलएक्सचे जे वर्णन आहे त्यात सहपत्राची सोयच नाही. ज्याने त्याने ती आपापल्या मताने जोडली. एकात लहान ‘ए’ म्हणजे सहपत्र. दुसऱ्यात तेच लहान ‘ए’ म्हणजे पत्राच्या माथ्यावर घालावयाची एक जादा ओळ, आणि सहपत्रासाठी मोठा ‘ए’. एका संगणकावर वर्षभर बिनबोभाट चाललेली ओळ दुसऱ्यावर नेली, की पत्र जाते आणि सहपत्र मागे राहते, तक्रारीचा एक शब्दही न काढता. नव्या संगणकावर प्रथम त्या आज्ञेची नियमपुस्तिका ‘मॅन’ या आज्ञेने उघडून वाचावी, हे अनुभवी लोकांचे सांगणे कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही.

आज्ञा मुकाट्याने संपली, म्हणजे पत्र पोहोचले असेही समजू नये. ते रांगेत पडले, एवढाच त्याचा अर्थ. रांगेत काय अडून आहे ते ‘मेलक्यू’ या आज्ञेने दिसते. मोठी फाइल असेल तर वजनवाढीचा हिशेबही आधीच करावा. पलीकडच्या पत्रपेटीची मर्यादा २५ मेगाबाइट असेल, तर बांधणीनंतर तिच्यात मावणारी मूळ फाइल जेमतेम १८ मेगाबाइटांची. फाइल अखंड पोहोचली की नाही याची खात्री हवी असल्यास ‘शा-२५६-सम’ या आज्ञेने तिची अंकमुद्रा काढून ती पत्रात लिहावी. घेणाऱ्याने आपल्याकडे तीच आज्ञा चालवून दोन्ही मुद्रा ताडून पाहाव्यात. फाइलमध्ये एका बिटाचा फरक असला तरी मुद्रा पार बदलते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. बेस-६४ मध्ये बांधलेला मजकूर दिसावयास गूढ असतो; पण ते गुप्तलेखन नव्हे. त्याला किल्ली नाही. कोष्टक जगजाहीर आहे आणि युनिक्सवरील एका आज्ञेने तो क्षणात उलगडतो. रुग्णांचे अहवाल, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, संकेतशब्द अशा गोष्टी केवळ बांधून पाठविल्या म्हणजे झाकल्या गेल्या असे मानणारा मनुष्य पारदर्शक कागदात गुंडाळी करीत असतो. गुप्तता हवी असेल, तर बांधण्यापूर्वी फाइल वेगळ्या साधनाने कुलूपबंद करावी लागते.

आठ बिट जसेच्या तसे वाहून नेण्याची तरतूद टपालाच्या नियमांत १९९३ पासून आहे, आणि २०१२ साली पत्त्यातही देवनागरी अक्षरे वापरण्याचे मानक ठरले. तरीसुद्धा वाटेतील प्रत्येक यंत्र नवे असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून पत्र पाठविणारे कार्यक्रम अजून पुष्कळदा बेस-६४ चीच बांधणी करतात, आणि ती फक्त सहपत्राचीच नव्हे, तर देवनागरी मजकुराचीही. मराठी पत्राला सहपत्र नसले, तरी पुष्कळदा ते स्वतःच सहपत्रासारखे गुंडाळून जाते.

वाचकांना हे घरबसल्या पाहता येईल. बहुतेक ई-मेल कार्यक्रमांत पत्राचे मूळ रूप दाखविण्याची सोय असते. मित्राने पाठविलेले एखादे मराठी पत्र तसे उघडावे. सीमारेषा दिसतील, भागांच्या चिठ्ठ्या दिसतील, आणि मजकूर बेस-६४ मध्ये बांधलेला असेल तर त्याच्या अगदी आरंभी चार-के-एस ही जोडणी भेटेल. पहिली मोकळी जागा आली की तिचा एकच बाइट असल्यामुळे तिनाचा ठेका एक पाऊल सरकतो आणि चिन्हांची दुसरीच नक्षी सुरू होते. आणखी दोन मोकळ्या जागा ओलांडल्या की पहिली नक्षी परत येते. सोबत छायाचित्र असेल तर त्या भागाचा आरंभ पाहावा. नेहमीच्या ‘जेपेग’ जातीचे छायाचित्र असले, तर तेथे तिरकी रेघ, नऊचा अंक, लहान ‘जे’ आणि पुन्हा तिरकी रेघ, अशी चार चिन्हे आढळतील.